गलबतात नसलेली आई

कोकणच्या किनाऱ्याला चौदा माणसं वाहून आली, असं म्हटलं की आपल्याला चिपळूण, परशुराम आणि चित्पावनांची मूळकथा आठवते. पण चौदा माणसांची आणखी एक गोष्ट याच किनाऱ्यावर, थोडी उत्तरेला, अलिबागजवळच्या नवगावात सांगतात. परदेशातून येणारं एक गलबत खडकावर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं गावाजवळ पुरली, एका ढिगाऱ्याखाली पुरुष आणि दुसऱ्याखाली बायका. वाचलेल्या सात जोडप्यांपासून वंश वाढला. तेच बेने इस्रायल, म्हणजे ‘इस्रायलची लेकरं’, आपले मराठी बोलणारे ज्यू.

दोन्ही गोष्टींत आकडा चौदाच निघावा, हा योगायोग नसावा. किनाऱ्यावरच्या लोकांकडे ‘आम्ही कुठून आलो’ हे सांगण्याचा एक ठरलेला साचा होता आणि त्यात ज्याने त्याने आपापली माणसं बसवली, असं मला वाटतं. पण साचा उसना असला म्हणून आतला ऐवजही खोटाच असतो असं नाही. तो तपासायचा कसा?

कागद फार मदत करत नाहीत. १७३८ साली एका ख्रिस्ती मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात हे नाव येतं. सुरत आणि राजापूरकडे राहणारे हे लोक स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, पण त्यांच्याकडे धर्मग्रंथ नाहीत, ‘शेमा’ ही एकच प्रार्थना त्यांना येते, असं तो कळवतो. त्याच्याही आधी, १२०० च्या सुमारास, इजिप्तमधल्या मायमोनिडीस या ज्यू पंडिताच्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा ओझरता उल्लेख आहे: त्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळणं आणि आठव्या दिवशी सुंता करणं एवढंच ठाऊक आहे. वर्णन कोकणाला चपखल बसतं, पण पत्रात कोकणाचं नाव नाही.

मग अंदाज सुरू झाले. समाजातल्या काही अभ्यासकांनी गलबत इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास फुटलं असं मांडलं. त्यांचा एक मुद्दा मोठा चतुर होता. कोकणातल्या ज्यूंना हनुक्का हा सण माहीतच नव्हता. हनुक्का साजरा होतो तो जेरुसलेमचं मंदिर इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमारास पुन्हा शुद्ध करून घेतलं त्याच्या आठवणीसाठी. म्हणजे ही मंडळी त्याआधीच निघाली असणार! युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण ज्यांच्याजवळ पुस्तकंच उरली नव्हती त्यांना एखादा सण विसरायला दोन हजार वर्षं कशाला लागतात? दोन पिढ्याही पुरतात.

२०१६ मध्ये या प्रश्नाकडे जनुकांच्या बाजूने पाहिलेला एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ बेने इस्रायल व्यक्तींचा जनुकसंच तपासला आणि तो ज्यू, भारतीय व पाकिस्तानी अशा ४१ समूहांतल्या ४८६ जणांच्या जनुकसंचाशी ताडून पाहिला. अठरा माणसं हा आकडा लहान वाटेल. पण प्रत्येक माणसात जनुकसंचातली लाखो ठिकाणं तपासता येतात आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणाला आपापला पूर्वज असतो.

निष्कर्ष असा: बेने इस्रायल आजूबाजूच्या भारतीय समाजांशी पुष्कळ जुळतात, तरी त्यांच्याहून वेगळे ओळखू येतात. आणि तपासलेल्या सगळ्या भारतीय-पाकिस्तानी गटांमध्ये इतर ज्यूंशी लक्षणीय नातं सापडलं ते फक्त यांचंच. म्हणजे समुद्राकडून कुणीतरी आलं होतं हे खरं.

कधी? इथे गोधडी आठवा. समजा एका घरात दोन लुगडी आहेत, एक इराकी विणीचं आणि एक इथलं. पहिल्या पिढीच्या अंगावर दोन्ही अख्खी असतात. मूल जन्माला घालताना शरीर प्रत्येक गुणसूत्राच्या जोडीला एकदोन ठिकाणी कात्री लावतं आणि तुकडे अदलाबदल करून पुन्हा जोडतं. पुढच्या पिढीत पुन्हा कात्री. पिढ्या उलटतील तसे ठिगळांचे तुकडे बारीक होत जातात. तेव्हा आजच्या माणसाच्या गोधडीतली ठिगळं मोजली, तर ती दोन लुगडी किती पिढ्यांपूर्वी पहिल्यांदा शिवली गेली ते काढता येतं. बेने इस्रायलांच्या बाबतीत उत्तर आलं १९ ते ३३ पिढ्या. पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली, तर साधारण पाचशे ते हजार वर्षं.

हे वय गलबताचं नव्हे, सोयरिकीचं आहे. एखादा समूह आधी आला आणि शतकानुशतकं आपापसातच लग्नं करत राहिला, तर ठिगळं त्या काळाबद्दल काहीच सांगणार नाहीत. तरीही सात जोडपी दीड हजार वर्षं बाहेर सोयरीक न करता तगून राहिली, यावर विश्वास ठेवायला मला जड जातं.

याहून बोलका निष्कर्ष मिळाला तो ‘एक्स’ गुणसूत्रात. बाईकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एकच. मुलगा बापाकडून एक्स घेत नाही, आईकडूनच घेतो. समजा बाहेरून आलेले सगळे पुरुष आहेत आणि त्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली. त्यांच्या मुलांत बाकीच्या गुणसूत्रांवर बापाचा वाटा निम्मा असेल. एक्समध्ये मात्र तो तिसऱ्या हिश्शाएवढाच भरेल, कारण एका लेकीत दोन आणि एका लेकात एक अशा तीन एक्सपैकी बापाचा एकच. बेने इस्रायलांमध्ये झुकाव नेमका याच बाजूचा दिसला. मध्यपूर्वेकडचा ज्यू वाटा मुख्यतः पुरुषांकडून आला होता आणि इथला वाटा बायकांकडून.

गोष्टीत सात बायका किनाऱ्याला लागतात. जनुकांचं म्हणणं असं, की त्या बायकांपैकी बऱ्याचशा किनाऱ्यावरच उभ्या होत्या.

यात नवल काही नाही. अरबी समुद्रावरचे व्यापारी मोसमी वाऱ्यावर येत आणि परतीच्या वाऱ्यासाठी थांबत. काही कायमचे राहून जात. चौलला दहाव्या शतकात आलेल्या अल-मसूदीने आखातातून आलेल्या मुसलमानांची मोठी वस्ती पाहिली होती. इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलाबाळांसाठी तिथे वेगळा शब्दही चालत असे. ज्यू व्यापाऱ्यांचं असंच एक घर तर आपल्याला नावानिशी माहीत आहे, फक्त ते कोकणातलं नाही, मंगळूरचं आहे. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा व्यापारी तिथे पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवत होता. १७ ऑक्टोबर ११३२ या दिवशी त्याने आशू नावाच्या एका स्थानिक दासीला मुक्त केल्याचा दस्त केला. तिच्यापासून त्याला मुलं झाली. हे कागद कैरोतल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, एका बंद खोलीत शतकानुशतकं पडून होते, म्हणून वाचले. कोकणातल्या आशूंना अशी खोली मिळाली नाही.

सोयरीक झाली आणि मग दारं बंद झाली. मिश्रणानंतर हा समाज फार थोड्या माणसांवर आला आणि पुढे आपापसातच लग्नं होत राहिली, हेही जनुकांत दिसतं. अशा समाजात आई-बाप दोघांकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांना या इतिहासात रस असतो. बंद दारांच्या आत आणखी एक दार होतं. बेने इस्रायलांमध्ये ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद होते. बाहेरच्या बाईपासून झालेल्या संततीचे वंशज ते काळे, आणि गोरे त्यांच्याशी रोटीबेटी टाळत. जनुकांपुढे या भेदाचं काय उरतं? गोऱ्यांच्याही आज्यांची आजी कोकणातलीच होती!

त्या आज्यांनी मागे काय ठेवलं, हे पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही. आडनावं घ्या: नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर. रायगड जिल्ह्याचा नकाशाच जणू. मुख्य धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सोमवार पाळणारे ते ‘सोमवार तेली’ शेजारीच होते. जातींच्या उतरंडीत ज्यू धर्माला बसायला जागा मिळाली ती अशी, आठवड्याच्या सुट्टीच्या वारावरून. मला हे फार आवडतं. गावाला धर्मशास्त्रात रस नव्हता, तेल कुठल्या दिवशी मिळणार नाही एवढंच हवं होतं.

सणांची नावं तर पूर्ण मराठी. ज्यू नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण दोन्ही एकाच सुमाराला येतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस झाला ‘बिरड्याचा सण’. दोन मंदिरांच्या नाशाचं दुःख आणि वालाचं बिरडं! एक खिरीचा सणही होता. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचा होता उरूस. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. रथातून आकाशात गेलेला हा प्रेषित कोकणात टेकून गेला, ही श्रद्धा.

त्याच एलियाहूच्या नावाने नवस बोलतात आणि फेडतात तो मलिद्याने: भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेला नारळ, वेलची, वर फळं. प्रार्थना हिब्रू, ‘मलिदा’ हा शब्द फारसी, पोहे आपले. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधात. ज्यू नियमांप्रमाणे मटण आणि दूध एका जेवणात चालत नाही. युरोपातल्या ज्यू स्वयंपाकघरांना हा नियम सांभाळताना कसरत करावी लागते. इथे दारातल्या माडाने तो प्रश्न परस्पर सोडवला.

पुढे मुंबई आली. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. मग शाळा आल्या, छापखाने आले, आणि जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमाराला मुंबईत अब्राहम, योसेफ यांची आख्यानं लावून कीर्तनंही होऊ लागली. याच समाजातले डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

१९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली आणि तिथे त्यांना आईचाच प्रश्न विचारला गेला. ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करा, असा हुकूम काढला. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. अखेर १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. जनुकांचा अभ्यास तेव्हा झालेला नव्हता हे बरंच. कोण ज्यू आणि कोण नाही, हे ठरवणं एक्स गुणसूत्राचं काम नाही. पण त्या चौकशीत ज्या बाईचा पत्ता लागत नव्हता, तिने शिकवलेला मलिदा आज इस्रायलमध्येही होतो, आणि तिच्या भाषेत ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही तिथून निघत आलं आहे.

१८७४ मध्ये पुण्यात एक हगादा छापली गेली. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री, ज्यू इजिप्तच्या गुलामीतून सुटले ती कथा वाचण्याचं पुस्तक. मजकूर हिब्रू आणि सोबत मराठी. चित्रांचं वळण युरोपातल्या हगादांचं. फक्त बिनखमिराच्या पोळ्या करतानाच्या चित्रात बायका आहेत त्या लुगडी नेसलेल्या, जमिनीवर बसून पोळ्या लाटणाऱ्या.