समता म्हणजे सगळ्यांना सारखा पगार नव्हे

बजेट आलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणीतरी म्हणतंच, "समतावाद म्हणजे सगळ्यांना सारखा पगार. मग राबणार कोण?" वर्षानुवर्षं ऐकतेय. हा समज साफ चुकीचा आहे.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडलेला न्यायविचार मिळकतीतला फरक चालवून घेतो. अट दुहेरी आहे: मोठ्या हुद्द्यांच्या जागा सर्वांना खऱ्या अर्थाने खुल्या हव्यात, आणि त्या फरकाने सर्वांत तळाच्या माणसाचं जास्तीत जास्त भलं व्हायला हवं. मूलभूत स्वातंत्र्यं तर त्याही आधी.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये विचारलं, समता नेमकी कशाची? याचं उत्तर मला शेजारच्या काकूंकडे दिसतं. आम्हा दोघींची पेन्शन जवळपास सारखीच. मी बँकेत पायी जाते. त्या कुबड्यांवर चालतात, म्हणून जातायेता रिक्षा. बँकेच्या दारात पाच पायऱ्या, रॅम्प नाही. वॉचमन हात देईपर्यंत त्या उन्हात उभ्या. पैसे सारखे, पण बँकेचं दार गाठणं सारखं नाही. तिथे रॅम्प बांधणं हे समतेचं धोरण.

आपल्या बडोद्याला हे नवं नाही. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मोफत केलं, मुलींसाठीसुद्धा. पगार कुणाचेच सारखे केले नाहीत. शाळेचं दार मात्र सगळ्यांना उघडलं.