संशोधनाचा पैसा कुठे अडतो? १९५८ ते २०२५

३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीची सुरुवात झाली. निधीचा आकडा एक लाख कोटी रुपयांचा. स्वातंत्र्यानंतर विज्ञानासाठी एका दमात एवढी रक्कम कधी जाहीर झाली नव्हती, त्यामुळे चर्चा आकड्याचीच झाली. पण हा पैसा अनुदान म्हणून नव्हे तर दीर्घ मुदतीचे कर्ज आणि भागभांडवल म्हणून का दिला जाणार आहे, आणि तो खाजगी उद्योगांकडेच का वळवला जातो आहे, हे समजून घ्यायचे तर साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते.

सुरुवात स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून येणारा माल आटला आणि रसायनांपासून काचेपर्यंत सगळे इथेच बनवण्याची वेळ आली. त्या गरजेतून १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख शांतिस्वरूप भटनागर. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी देशभर प्रयोगशाळांची साखळी उभी केली. त्यातलीच एक पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पुणेकरांच्या तोंडी ती 'एनसीएल'. ३ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक व्हायला तेवीस दिवस बाकी असताना, नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. देशात अन्नधान्याची टंचाई होती, फाळणीचे निर्वासित छावण्यांत होते, आणि तरीही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी पैसा बाजूला काढला गेला, हे मला आजही मोठे वाटते.

या भूमिकेला लेखी रूप मिळाले ४ मार्च १९५८ रोजी. त्या दिवसाचा 'वैज्ञानिक धोरण ठराव' जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. त्यात म्हटले आहे की देशाची भरभराट तंत्रज्ञान, कच्चा माल आणि भांडवल या तिन्हींच्या मेळातून होते आणि त्यात तंत्रज्ञान बहुधा सर्वांत महत्त्वाचे, कारण ते बाकीच्या दोहोंची उणीव भरून काढू शकते. गरीब देशाने स्वतःला दिलेला हा धीर होता. ठरावात किती पैसा, कुणाला, कधीपर्यंत, यातले काहीही नाही. पुढच्या बहुतेक धोरणांना हे वळण तिथूनच लागले.

त्याच काळात घेतलेला एक निर्णय मात्र आपल्याला आजवर भोवतो आहे. संशोधनाचा पैसा विद्यापीठांना न देता स्वतंत्र प्रयोगशाळांना द्यायचा, असे ठरले. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा याला कडाडून विरोध होता. संशोधन विद्यापीठातून उठून गेले तर विद्यापीठे ओस पडतील, हे ते परोपरीने सांगत होते. भटनागर आणि अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा यांना घाई होती. कारभाराच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. अणुऊर्जा आणि अवकाश कार्यक्रम त्याच घाईतून उभे राहिले. पण शिकवणारा एकीकडे आणि शोधणारा दुसरीकडे अशी फाळणी झाली ती झालीच. आपल्या तालुक्याच्या गावातल्या विज्ञान महाविद्यालयात जाऊन पाहा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तोच जुना स्पेक्ट्रोमीटर, तीच सोडियमची दिव्याची पेटी, आणि जर्नलमध्ये तीच वाचने, जी मागच्या तुकडीने लिहिली होती. पुढे १९८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभारली ती नेमकी ही दरी बुजवायला. नावातच 'आंतरविद्यापीठ' आहे, आणि देशभरच्या प्राध्यापकांना तिथे येऊन दुर्बिणींची निरीक्षणे आणि संगणक वापरता यावेत हा हेतू.

प्रयोगशाळांनी काम केले नाही असे अजिबात नाही. मतदानानंतर बोटावर लागते ती न पुसणारी शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने शोधली, म्हैसूरच्या कारखान्याने बनवली, आणि १९६२ च्या निवडणुकीपासून ती आपल्या नखावर आहे. म्हशीच्या दुधापासून बाळांचे अन्न बनवता येणार नाही असे परदेशी कंपन्या सांगत होत्या, तेव्हा म्हैसूरच्याच अन्नतंत्रज्ञान प्रयोगशाळेने ते करून दाखवले आणि अमूलने ते बाजारात आणले. पण असे हातात हात घालून झालेले काम बोटांवर मोजण्याइतके. एरवी प्रयोगशाळेत प्रक्रिया तयार व्हायची, अहवाल छापला जायचा, आणि कारखानदार परवाना घेऊन परदेशी यंत्रेच आणायचा. बाजार बंदिस्त होता, स्पर्धा नव्हती, मग त्याने जोखीम घ्यावी तरी कशाला?

माझ्या मते भारतीय संशोधनाला सर्वांत मोठा धक्का, चांगल्या अर्थाने, ज्या धोरणाने दिला त्याच्या नावात 'विज्ञान' हा शब्दही नाही. तो म्हणजे १९७० चा पेटंट कायदा. १९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यात औषधाच्या रेणूवरच मक्ता मिळायचा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने त्यातला अन्याय दाखवून दिला आणि नव्या कायद्याने, १९७२ पासून, औषध आणि अन्न यांच्याबाबत पदार्थावरचे पेटंट बंद केले. पेटंट मिळेल ते फक्त बनवण्याच्या कृतीवर, आणि तेही थोड्या वर्षांसाठी. याचा अर्थ असा की तोच रेणू तुम्ही वेगळ्या वाटेने बनवून दाखवलात तर तो तुमचा. इथे पहिल्यांदाच रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्याला बाजारात थेट किंमत आली. एनसीएलमधले रसायनशास्त्रज्ञ ए. व्ही. रामाराव सिप्ला या औषध कंपनीसाठी अशा वाटा शोधत होते. १९८५ मध्ये ते हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेल्यावर तिथे एड्सवरच्या झिडोव्हुडिन या औषधाची कृती बसवली गेली आणि मुंबईच्या सिप्लाने १९९३ मध्ये ते औषध बाजारात आणले. त्याच सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेत जे जीव वाचले त्यांचे धागे पाषाण रस्त्यापर्यंत येऊन पोचतात. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये पदार्थ-पेटंट परत आणावे लागले. तोवर उद्योग पायावर उभा राहिला होता.

१९८३ मध्ये इंदिरा गांधींनी विज्ञान काँग्रेसमध्ये 'तंत्रज्ञान धोरण' जाहीर केले. भर स्वावलंबनावर आणि आयात तंत्रज्ञान पचवण्यावर. त्या दशकातली खरी हालचाल मात्र कागदाबाहेर झाली. १९८४ मध्ये दूरसंचार संशोधनासाठी सी-डॉट, १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग, आणि १९८८ मध्ये पुण्यात महासंगणकासाठी सी-डॅक. सी-डॅकची कथा सगळ्यांना माहीत आहे असे धरले जाते, तरी तिच्यातला धोरणाचा भाग क्वचित सांगितला जातो. अमेरिकेकडून क्रे महासंगणक हवा होता. त्यांनी दिला तो हवामानाच्या अंदाजासाठी, खालच्या क्षमतेचा, आणि वापरावर देखरेखीच्या अटी घालून. त्यावर सरकारने अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांना तीन वर्षे आणि तीस कोटी रुपये दिले. पैसा एकरकमी, मुदत पक्की, उद्दिष्ट एकच, आणि माणसे निवडण्याची मोकळीक. गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात, या चमूने एकच बलाढ्य प्रोसेसर बनवायच्या फंदात न पडता बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे छोटे प्रोसेसर, एकूण चौसष्ट, समांतर जोडले. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. मुदत पाळली, पैसा पुरला. सरकारी संशोधनाला असे हात मोकळे मिळाल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत, आणि म्हणूनच हे पुन्हापुन्हा सांगावेसे वाटते.

याच्या अगदी उलट कथा एका कराची आहे. १९८६ मध्ये संसदेने कायदा करून परदेशी तंत्रज्ञानाच्या आयातीवर ५ टक्के उपकर बसवला. कल्पना सुरेख होती. जो उद्योग बाहेरून तंत्रज्ञान विकत घेतो त्याने थोडे पैसे देशी तंत्रज्ञान घडवायला द्यावेत. हा पैसा वापरण्यासाठी १९९५ च्या कायद्याने तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झाले आणि १९९६ पासून ते कामाला लागले. मंडळाने सुरुवातीलाच हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सला कर्ज दिले आणि १९९७ मध्ये कावीळ-बी वरची पहिली देशी पुनर्संयोजित, म्हणजे जनुकीय तंत्राने बनवलेली, लस आली. परदेशी लशीच्या मानाने स्वस्त. आता वाटेल की उपकराची सारी रक्कम मंडळाकडे गेली असेल. तसे झाले नाही. उपकर जमा व्हायचा सरकारच्या एकत्रित निधीत, आणि त्यातून मंडळाला किती द्यायचे ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पात ठरायचे. जमा झालेल्या रकमेचा दहावा हिस्साही मंडळापर्यंत पोचला नाही. महालेखापरीक्षकांनी यावर ताशेरे ओढले. संसदेच्या समित्यांनी विचारणा केली. अखेर २०१७ मध्ये जीएसटी येताना उपकरच रद्द झाला. संशोधनाच्या नावाने गोळा केलेला पैसा संशोधनाला न देणे ही माझ्या लेखी निव्वळ हिशेबाची बाब नाही. त्या तीस वर्षांत किती शांता बायोटेक्निक्स उभ्या राहिल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकात एक बदल चांगला झाला तो पेटंटच्या जाणिवेचा. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ मध्ये एनसीएलचे संचालक झाले. प्रबंध छापण्याआधी पेटंट घ्या, हा त्यांचा धोशा. १९९५ मध्ये ते सीएसआयआरचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. कापलेल्या बोटावर हळद दाबायची हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक, पण 'आजी सांगायची' हा पुरावा पेटंट कार्यालयात चालत नाही. तिथे छापील पुरावा लागतो. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे दाखले धुंडाळून पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह पुढे याच अनुभवातून घडला.

२००३ चे आणि २०१३ चे विज्ञान धोरण मी थोडक्यात सांगतो, कारण दोन्हींत एकच आकडा आहे: संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या २ टक्के. २००३ मध्ये तो २००७ पर्यंत गाठायचा होता. २०१३ मध्ये खाजगी क्षेत्र साथ देईल या अटीवर तोच पुन्हा मांडला गेला. प्रत्यक्षात २०२०-२१ मध्ये प्रमाण होते ०.६४ टक्के. चीन २.४ च्या आसपास, दक्षिण कोरिया साडेचारच्या वर, इस्रायल पाचच्या वर. आणि या तिन्ही देशांत निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा उद्योगांचा. आपल्याकडे तो एक तृतीयांशाच्या थोडा वर. उद्योगांना करसवलत दिली नव्हती असेही नाही. संशोधनावरच्या खर्चाच्या दुप्पट वजावट मिळत होती, ती २०१७ नंतर दीडपट आणि २०२० नंतर जेवढ्यास तेवढी झाली.

यातला एक पदर आकड्यांत दिसत नाही. मी एका सरकारी प्रकल्पावर संशोधक म्हणून काम करत होतो तेव्हा आमची छात्रवृत्ती सात महिने आली नव्हती. मंजुरी होती, रक्कम कागदावर होती, फक्त आधीच्या वर्षाचे यूसी, म्हणजे खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, एका टेबलावर अडले होते. खानावळीच्या मावशी वहीत आमच्या नावापुढे रेघा ओढत राहिल्या आणि एकदाही त्यांनी मागितले नाही. मग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आले, आणि सोबत पत्र: ३१ मार्चपूर्वी खर्च करा. जे उपकरण हवे होते ते तीन आठवड्यांत निविदा काढून येणे शक्यच नव्हते. जे येऊ शकत होते ते घेतले. ते आजही तिथे झाकून ठेवलेले असेल. माझ्यासोबतची दोन हुशार मुले त्या वर्षी बँकेच्या परीक्षांकडे वळली. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून जून २०२५ मधला एक छोटा बदल मला लाख कोटींच्या घोषणेइतकाच महत्त्वाचा वाटतो. वैज्ञानिक संस्थांना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेरून उपकरणे घेण्याची मुभा मिळाली आणि निविदेविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. रसायनाची एक बाटली सर्वांत स्वस्त पुरवठादाराकडून घेतली आणि ती अशुद्ध निघाली, की चार महिन्यांचे काम पाण्यात जाते. हे ज्याने भोगले आहे त्यालाच या नियमाचे मोल कळेल.

मोठ्या रचनेत बदल झाला तो २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून. त्यात राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची कल्पना होती, आणि कारणही स्पष्ट होते: राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालये यांत संशोधन रुजवायचे. साहांची तक्रार सत्तर वर्षांनी सरकारी कागदावर आली. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, एएनआरएफ, अस्तित्वात आले आणि आधीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विसर्जित झाले. पाच वर्षांसाठी ५०,००० कोटींचा अंदाज, त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार यांच्याकडून येतील अशी अपेक्षा. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली, हाही त्याच दिशेचा भाग. गडचिरोलीच्या विद्यापीठातल्या मुलीला आता तोच शोधनिबंध वाचता येतो जो पवईच्या आयआयटीत वाचला जातो.

एक लाख कोटींचा निधी याच एएनआरएफच्या छत्राखाली आहे. सरकारने पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज द्यायचे, एएनआरएफमधल्या विशेष निधीतून ते दुसऱ्या फळीतल्या निधी व्यवस्थापकांकडे जायचे, आणि त्यांनी कंपन्यांना अल्प व्याजाचे कर्ज किंवा भांडवल द्यायचे. अट अशी की तंत्रज्ञान प्रयोगशाळेतल्या सिद्धतेच्या टप्प्यावर तरी आलेले असावे. त्याआधीच्या टप्प्याला, जिथे फक्त शंका आणि उत्सुकता असते, या निधीत जागा नाही. तिथला पैसा एएनआरएफच्या अनुदानातूनच यायला हवा.

दुसऱ्या फळीतल्या पहिल्या व्यवस्थापकांत एक नाव जुने आहे. ज्याला उपकराच्या पैशाचा दहावा हिस्साही कधी मिळाला नाही, तेच तंत्रज्ञान विकास मंडळ. आता त्याच्या हातात पैसा येतो आहे.