करवंटी, रॉकेल, स्पिरिट: कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या चुलीच्या जळणाची पार्श्वभूमी

काशीदपासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्यावर तंबू टाकणारे स्वस्त आणि कमी धुराचं जळण शोधतात, तेव्हा चुलीचा विचार सहसा मागे पडतो. धूर म्हणजे न जळलेलं जळण. लाकूड तापलं की आधी पाण्याची वाफ निघते, मग जळाऊ वायू. त्या वायूंना पुरेशी धग आणि हवा मिळाली तर ते ज्योतीत संपतात, नाहीतर डोळ्यांत जातात. छोट्या चुलींमध्ये गेल्या सव्वाशे वर्षांत झालेले मोठे बदल याच गोष्टीभोवती फिरतात.

१८९२ साली स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी पंपाचा, बिनवातीचा प्रायमस स्टोव्ह बनवला. वातीच्या स्टोव्हवर भांडी काळी होत, कारण रॉकेल अर्धवट जळे. पंपाच्या स्टोव्हमध्ये तापलेल्या नळीत रॉकेलची आधी वाफ होते, ती बारीक भोकातून जोरात बाहेर पडताना हवा ओढून घेते आणि ज्योत निळी होते. काकडा पेटवून बर्नर नीट तापवला नाही, तर द्रवरूप रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका उडतो. हाच पितळी स्टोव्ह पुढे घराघरांत आणि ट्रेकर्सच्या सॅकमध्ये गेला. रेशनवरच्या रॉकेलला भेसळ ओळखता यावी म्हणून निळा रंग दिला जाई. घरोघरी गॅस पोहोचला, विशेषतः २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर, तसा रॉकेलचा कोटा आटत गेला. आज ते मिळवण्यातच अर्धा दिवस जातो.

स्पिरिटच्या बिनपंपाच्या पितळी बर्नरचा संच स्वीडनच्याच ट्रांजिया कंपनीने १९५१ साली आणला. वारा अडवला तर एक लिटर पाणी उकळायला साधारण ४० मिली स्पिरिट लागतं. काजळी धरलीच, तर त्यात दहावा हिस्सा पाणी मिसळावं. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे डीनेचर्ड, म्हणजे पिण्यालायक न ठेवलेल्या स्पिरिटवर निर्बंध आहेत. ते मिळालं नाही म्हणून पेंटच्या दुकानातला थिनर वापरू नये. त्याची काजळी आणि वाफ दोन्ही वाईट. आयसोप्रोपिल असलेला सॅनिटायझरही पिवळा, काळवंडत जळतो. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे बर्नर पूर्ण गार झाल्याची खात्री केल्याशिवाय त्यात पुन्हा ओतू नये.

गॅसच्या डब्याबाबत कोकणाला निसर्गाचीच सवलत आहे. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणून हिमालयात तो थंडीने मंदावतो आणि तिथे प्रोपेन मिसळलेले महाग डबे लागतात. किनाऱ्यावर साध्या ब्युटेनचा स्वस्त डबा बाराही महिने चालतो; लिटरभर पाण्याला पंधरा-वीस ग्रॅम पुरतो. मात्र रेल्वेत गॅस, रॉकेल, स्पिरिट यांपैकी काहीही नेता येत नाही, त्यामुळे कोकण रेल्वेने येणाऱ्याने जळण उतरल्यावरच घ्यावं. १९३६मध्ये जर्मनीत आलेल्या हेक्सामिन या घन जळणाच्या वड्या धूर कमी करतात, पण महाग पडतात, उग्र वासाच्या असतात आणि भांड्याला चिकट थर देतात.

इतकं सगळं बाहेरून आणताना किनाऱ्यावरचं जळण मागे पडलं, याची खंत वाटते. नारळाची करवंटी घट्ट, कमी राखेची असते. तिच्या कोळशात धूर करणारे वायू जवळजवळ उरलेले नसतात. तो घरीही होतो. करवंट्या धागे खरवडून कडक उन्हात वाळवाव्यात, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी थोड्या पेटवून वरून हळूहळू भराव्यात. दाट पांढरा धूर विरळ आणि निळसर झाला की झाकण लावून फटी ओल्या मातीने बंद कराव्यात आणि डबा रात्रभर तसाच ठेवावा. लवकर उघडला तर कोळसा पुन्हा पेटतो. दहा किलो करवंटीमागे तीनेक किलो कोळसा मिळतो. तुकडा मोडल्यावर आत तपकिरी दिसला, तर तो कच्चा आहे आणि धूर करणार. पावसाळ्यात कोळसा दमट होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

कोळशावर किती कमी जळणात भागतं, हे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने दाखवून दिलं. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तिच्या कामाला २००२ साली स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला आणि तिच्या वाफेवर शिजवणाऱ्या सराई कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कोळशावर कुटुंबाचा वरण-भात शिजतो.

धूर टाळण्याची दुसरी वाट अमेरिकेच्या टॉम रीड यांनी १९८५च्या सुमारास सुचवली: जळण वरून पेटवायचं. एका डब्यात दुसरा डबा बसवतात. आतल्या डब्याला तळाशी बारीक भोकं आणि काठाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर भोकांची रांग. जळण वरच्या भोकांच्या खालीच राहिलं पाहिजे. तिथून आलेली गरम हवा वर चढणारा धूर जाळून टाकते. भोकं बुजेपर्यंत ठासून भरलं की सगळा धूर तोंडावर. या चुलीत करवंटीचे अंगठ्याएवढे तुकडे किंवा सुरूची वाळलेली बोंडं उत्तम चालतात आणि ज्योत विझल्यावर तळाशी कोळसा उरतो, तो पुढच्या जेवणाला.

काजूची टरफलं वेंगुर्ले-मालवण भागात सहज मिळतात, पण त्यांतलं तेल त्वचा भाजतं आणि काळा, झोंबणारा धूर करतं. खाऱ्या पाण्यात भिजलेलं वाहून आलेलं लाकूड जाळल्यास विषारी वायू निघतात. कांदळवन तोडायला २००५पासून उच्च न्यायालयाची मनाई आहे. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर उघडी आग नकोच. पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

कोळसा तंबूत कधीही पेटवू नये. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नाही. विझवताना निखारे वाळूत पुरू नयेत. ते तासन् तास धगधगत राहतात आणि अनवाणी येणाऱ्याचा पाय भाजतो. पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावावं, म्हणजे उरलेला कोळसाही वाया जात नाही.