रहस्यपटात गाणं हवं की नको: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

घरात जुना कृष्णधवल रहस्यपट लावला की कोणीतरी हमखास म्हणतं, "गाणं पुढे ढकल रे, सगळा सस्पेन्स घालवतात." मग ढकललं जातंच. गाणं म्हणजे थांबा आणि ताण म्हणजे न थांबता पुढे सरकणारी गोष्ट, अशी समजूत त्यामागे आहे. मुंबईत बनलेल्या हिंदी रहस्यपटांपुरती ती जेमतेम अर्धी खरी आहे. ती रुजली कशी, हे बघायचं तर १९४९ ते १९६९ या वीस वर्षांत जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. बोलपट नुकतेच आले होते तेव्हा, १९३१ साली, बर्लिनमध्ये 'एम' निघाला. त्यातल्या खुन्याचा चेहरा नीट दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते आणि पुढे एक आंधळा फुगेवाला त्या शिळेवरूनच त्याला ओळखतो. (नटाला शीळ जमेना, म्हणून दिग्दर्शकाने स्वतः घातली.) आवाज आधी, माणूस नंतर. आपल्याकडे हीच युक्ती आली, पण शिळेच्या जागी गाणं बसलं.

'महल' १९४९चा. ओसाड हवेली, नवा मालक, भिंतीवरच्या तसबिरीत त्याच्याच चेहऱ्याचा कोणी जुना माणूस. घड्याळात दोनचे ठोके पडतात आणि कुठूनतरी एक आवाज सुरू होतो. 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या ओळींना ताल नाही, घाई नाही. नायक त्या आवाजामागे निघतो, कॅमेरा नायकामागे, आणि आपण कॅमेऱ्यामागे. दार, जिना, झुंबर, बाहेर झोपाळ्यावर कोणीतरी. तो पोचेपर्यंत तिथे कोणी नसतं.

हा 'कुठूनतरी' तयार कसा केला, ते गायिकेनेच पुढे अनेकदा सांगितलंय. तेव्हा आवाज लांबून येतोय असं भासवणारी यंत्रं हाताशी नव्हती. म्हणून माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि विशीच्या त्या मराठी मुलीला कोपऱ्यात उभं केलं. गात गात एकेक पाऊल पुढे यायचं आणि ध्रुवपदाला बरोबर माइकपाशी पोचायचं. एक पाऊल लवकर पडलं की पुन्हा पहिल्यापासून. आज हेडफोन लावून ते गाणं ऐकताना मी तिची पावलं मोजायचा प्रयत्न करतो. अर्थात ती ऐकू येत नाहीत, पण खोलीची लांबी मात्र कळते.

दुसरी बाजू उजेडाची. 'महल'चा कॅमेरामन म्युनिकहून आलेला जर्मन. १९२०च्या दशकात एका मूकपटासाठी तो भारतात आला, १९३४ला मालाडच्या स्टुडिओत रुजू झाला, महायुद्धात शत्रुदेशाचा नागरिक म्हणून नजरकैदेत राहिला आणि सुटल्यावर परत कॅमेऱ्यामागे उभा राहिला. त्याच्या चौकटीत काळोख ही मोकळी सोडलेली जागा नसते. एका बाजूने दिवा येतो, अर्धा चेहरा दिसतो आणि उरलेल्या अर्ध्याकडे आपण बघत राहतो. आवाज कुठून येतो ते कळत नाही आणि नजरेला सगळं दिसत नाही. हिंदी रहस्यपटाचं पुढच्या पंधरा वर्षांचं भांडवल एवढंच.

यात एक योगायोगही होता. पार्श्वगायनात आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा, हे प्रेक्षकाने तोवर मुकाट्याने मान्य केलं होतं. 'महल'ने त्या फटीतच भूत बसवलं. कथेतल्या आवाजाला शरीर नाही, आणि रेकॉर्डच्या लेबलवरही गायिकेच्या जागी पात्राचंच नाव छापलं होतं: कामिनी. ही कामिनी कोण, अशी विचारणा रेडिओकडे सुरू झाली तेव्हा खरं नाव बाहेर आलं. रहस्यपटाच्या जाहिरातीसाठी एवढी चांगली कल्पना कोणी मुद्दाम काढली असती तर त्याला मानलं असतं.

आता वादाचा मुद्दा. १९६० साली 'कानून' आला, एकही गाणं नसलेला. मुंबईच्या धंद्यात ही छोटी गोष्ट नव्हती. गाणी आधी रेडिओवर वाजायची, त्यांच्यावर वितरक पैसे लावायचे, गल्लीतल्या पोराला कथा माहीत नसली तरी गाणं पाठ असायचं. ते सगळं सोडून एका बड्या निर्मात्या-दिग्दर्शकाने खटल्याची गोष्ट सांगितली. एक वकील आपल्या होणाऱ्या सासऱ्याला, म्हणजे न्यायाधीशालाच, खून करताना बघतो आणि त्याच न्यायाधीशासमोर भलत्याच माणसावर खटला उभा राहतो. प्रेक्षकानेही तो खून पाहिलेला असतो. डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायचं का, एवढ्या एका प्रश्नावर सिनेमा चालतो. 'कानून' चालला आणि तेव्हापासून 'गाणी काढली की सिनेमा गंभीर होतो' हे मत समीक्षेत कायमचं मुक्कामाला आलं.

१९६९ला 'इत्तेफ़ाक़'ने त्यावर शिक्कामोर्तब केलं. निर्मात्यांच्या एका मोठ्या चित्रपटाचं काम अडलं होतं, मधल्या वेळात एका गुजराती नाटकावरून हा चित्रपट झटपट उरकला. एक रात्र, एक घर, पळून आलेला आरोपी आणि घरात एकटी बाई. पुन्हा गाणं नाही. त्या वर्षीचे दिग्दर्शनाचे आणि ध्वनीचे फिल्मफेअर पुरस्कार त्याला मिळाले.

या दोन चित्रपटांना मी नावं ठेवत नाही, 'इत्तेफ़ाक़' तर आजही एका बैठकीत बघतो. पण त्यांच्यावरून जो निष्कर्ष काढला गेला, तो मला पटत नाही. गाणं गेलं तिथे शांतता आली का? नाही. बोलणं आलं. 'कानून'मध्ये वकिलांची भाषणं आली, 'इत्तेफ़ाक़'मध्ये रंगभूमीवरून आलेली जुगलबंदी आली. आणि गाण्यातून सुटलेले वादक पार्श्वसंगीतात शिरले. दार उघडलं की व्हायोलिनं, कोणी वळून पाहिलं की तुताऱ्या. गाण्याने निदान दूरवरून यायची तरी तसदी घेतली होती.

गंमत म्हणजे त्याच १९६० साली हॉलिवूडमध्ये नेमका उलटा वाद झाला. 'सायको'तल्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, नुसतं पाणी आणि किंकाळ्या पुरेत, असं दिग्दर्शकाचं मत होतं. संगीतकाराने तरीही फक्त तंतुवाद्यांची ती करकर लिहिली, ऐकवली आणि दिग्दर्शकाने माघार घेतली. तीनच वर्षांनी 'द बर्ड्स'मध्ये त्याच दिग्दर्शकाने पार्श्वसंगीत पुरतं काढलं आणि पक्ष्यांची फडफड, कलकलाट बर्लिनच्या एका विद्युत वाद्यावर घडवून घेतला. म्हणजे तिथेही ठरलेला नियम असा नव्हताच. कुठला आवाज ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे प्रसंगागणिक ठरत होतं. आपल्याकडे मात्र हिशेब गाणी किती, यावरच अडकला.

'सस्पेन्स' या शब्दाने घोळात भर घातली, हेही सांगायला हवं. मराठीत आपण सस्पेन्स 'फोडतो', म्हणजे तो नारळासारखा काहीतरी बंद असतो आणि आत खुन्याचं नाव असतं. त्या अर्थाने गाणं निरुपयोगीच, त्याने खुनी कळत नाही. पण ताण म्हणजे लपवलेलं नाव नव्हे. पुढे काहीतरी होणार हे माहीत असताना ते होईपर्यंतचा वेळ म्हणजे ताण. आणि मुंबईच्या सिनेमाला वेळ लांबवायचा गाण्याइतका चांगला मार्ग दुसरा सापडला नव्हता.

याचा पुरावा मला फार लहानपणी मिळाला. सत्तरच्या दशकात आमच्या गावच्या जत्रेत तंबू यायचा आणि तंबूत दहा-बारा वर्षं जुनी प्रिंट. त्या रात्री 'बीस साल बाद' होता, १९६२चा. त्यात दलदलीच्या बाजूने रात्री एका बाईचं गाणं ऐकू येतं आणि वाड्याचा वारस त्या आवाजाच्या ओढीने तिकडे जातो. 'कहीं दीप जले कहीं दिल'. ऑपरेटरला घाई असावी, किंवा प्रिंटच तुटकी असावी. गाणं सुरू झालं आणि खाडकन उडालं. पडद्यावर एकदम नायक चिखलाच्या कडेला उभा. "अरे, हा तिथं गेला कशाला?" बायकांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं. मग सगळा तंबूच ओरडायला लागला. गाणं कापलं आणि गोष्टीचा सांधाच निखळला.

गाण्यांच्या या फळीतला माझा आवडता 'वह कौन थी', १९६४चा. पहिली पाच मिनिटं बघा. मुसळधार पाऊस, मोटारीत एकटा डॉक्टर, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई. ती शेजारी बसते आणि वायपर बंद पडतो. काचेतून काही दिसेनासं होतं, तरी ती रस्ता सांगत राहते. नायकाला दिसत नाही, आपल्याला दिसत नाही, तिला दिसतं. मग कब्रस्तानाचं फाटक आपोआप उघडतं. यात एकही महागडी करामत नाही. पाणी, काच आणि एक बंद पडलेला वायपर. या चित्रपटाच्या कृष्णधवल छायाचित्रणाला पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. यातल्या 'नैना बरसे'ची हकीकत प्रसिद्ध आहे. सिमल्याला चित्रीकरण ठरलं, पण गायिका आजारी, ध्वनिमुद्रण झालेलं नाही. संगीतकाराने स्वतःच्या आवाजात गाणं भरून दिलं आणि नायिकेने धुक्यात पुरुषी आवाजावर ओठ हलवले. बघ्यांची हसून पुरेवाट झाली म्हणतात. पडद्यावर मात्र तेच धुकं अंगावर येतं.

याच वर्षी मराठीत 'पाठलाग' आला. मराठी कादंबरीवरचा मराठी चित्रपट. दोन वर्षांत त्याचा हिंदी 'मेरा साया' झाला, तोही 'वह कौन थी'च्याच दिग्दर्शकाकडून. हिंदी गाणी इतकी गाजली की मूळ आपलं होतं हे आपणच विसरलो. १९६५चा 'गुमनाम' रंगीत होता आणि त्याच्या शीर्षकगीताची चाल दोन वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकी थरारपटातून उचललेली. चाल छान आहे, प्रश्न रंगांचा आहे. लाल-निळ्या उजेडात सगळंच दिसायला लागलं आणि सावलीला काम उरलं नाही.

त्यानंतरचं तांत्रिक कारण फारसं सांगितलं जात नाही. साठच्या दशकात हलके पण घरघर करणारे कॅमेरे आले, बाहेर चित्रीकरण वाढलं आणि संवाद नंतर डब करायची पद्धत पडली. डबिंगमध्ये संवाद तेवढे टिकतात. जिन्याची करकर, बाजूच्या खोलीतला पंखा, श्वास हे सगळं जातं. उरलेली पोकळी संगीताने भरायची. सत्तरच्या दशकातला तो डोळ्यांवर धावून जाणारा झूम आणि सोबतचा 'ढॅण' इथूनच आला. मराठी मालिका अजून त्यावर जगतात: तीन चेहरे, तीन क्लोजअप, तीन ढॅण.

मराठीने गाण्याचा हात मात्र सोडला नाही. १९७६च्या 'हा खेळ सावल्यांचा'मधलं नरसूचं भूत ज्यांना आठवतं, त्यांना 'काजल रातीनं' आधी आठवतं. त्याच चित्रपटातल्या गाण्याची ओळ २०१६ला 'रात्रीस खेळ चाले' या नावाने मालिका होऊन आली, कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात. चाळीस वर्षांनी नुसत्या तीन शब्दांवर प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणायचा, हे संवादाला जमलेलं मला तरी माहीत नाही.

हिंदीत १९९४नंतर अनेक दिशांनी येणारा ध्वनी थिएटरांत पोचला आणि गाणं टाळणाऱ्यांना पहिल्यांदाच खरं हत्यार मिळालं. १९९९च्या 'कौन'मध्ये एक मुलगी, एक घर, पाऊस आणि दारावरची बेल एवढ्यावर दीड तास निघतो. गाणं नाही, आणि इथे ते हवं असंही वाटत नाही, कारण बेल तेच काम करते: बाहेर कोणीतरी आहे. २००३च्या 'भूत'मध्ये तडजोड आणखी मजेशीर होती. गाणी जाहिरातीपुरती बाजारात आली, चित्रपटात वाजलीच नाहीत.

आणि मग २०१८चा 'अंधाधुन', पुण्यात चित्रित झालेला. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक एका फ्लॅटमध्ये वाजवायला बसतो. समोर जमिनीवर प्रेत आहे. घरातली बाई आणि तिचा यार आवाज न करता फरशी पुसतात, प्रेत बॅगेत कोंबतात, खुणांनी भांडतात. संवाद नाही, पार्श्वसंगीतही वेगळं नाही, फक्त तो वाजवतोय तेवढंच. 'महल'मध्ये आवाज सुरू झाला की धडकी भरायची. इथे बोट चुकलं किंवा सूर तुटला तर त्याला दिसतंय हे त्यांना कळेल, म्हणून तो वाजवतच राहतो.