नळीत तेल नंतर, आधी उकळतं पाणी

खंडेनवमी जवळ आली की आमच्या बेळगाव भागात माळ्यावरच्या तलवारी, भाले खाली उतरतात आणि लिंबू, चिंच, पॉलिश पेपर यांना काम लागतं. परवान्याची जुनी बंदूक असेल तर तिचीही पाळी येते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र याच शहरात असल्यामुळे रायफलीवर सल्ला देणाऱ्यांना इथे तोटा नाही. त्यातला सर्वांत लाडका सल्ला म्हणजे "नळीत तेल सोडा, गंजाची काय बिशाद!" जुन्या लष्करी रायफलीच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे.

दोन्ही महायुद्धांत आपल्या जवानांच्या हाती असलेली, ईशापूरच्या कारखान्यातही बनलेली .३०३ ली-एनफिल्ड घ्या. तिच्या जुन्या काडतुसांच्या बुडाशी, ठोक्याने ठिणगी देणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. टोपीवर ठोका बसला की क्लोरेट आपला ऑक्सिजन सोडून देतं आणि मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. हे क्षार गरम वायूबरोबर नळीभर पसरून चिकटतात. मीठ तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल ओता, क्षार त्याखाली जागच्या जागी राहतात.

मग पावसाळा येतो. हवेतली आर्द्रता साधारण ८४-८५ टक्क्यांवर गेली की पोटॅशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून स्वतःच त्या पाण्यात विरघळतं. अथणीच्या कोरड्या हवेत हे क्वचित होईल, पण खानापूर-जांबोटीकडे जुलै महिन्यात रोजचंच. या खारट थेंबातून वीज सहज वाहते. थेंबाखाली एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन गमावून विरघळतं, शेजारी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि क्लोराइड पोलादावरचा संरक्षक पापुद्रा फोडत राहतं. या कामात क्लोराइड खर्ची पडत नाही. गंज झाला की ते सुटं होऊन पुढच्या लोखंडाला भिडतं. म्हणून चकचकीत पुसलेली नळी महिन्याभरात आतून खड्ड्यांनी भरते. जुन्या शस्त्राला 'घाम फुटला' म्हणून अपशकुन मानणारे मला भेटले आहेत. तो घाम याच क्षारांनी हवेतून ओढलेलं पाणी असतो. नारळ फोडून तो थांबत नाही, क्षार धुतल्यावर थांबतो.

आणि क्षार धुवायला पाणीच लागतं. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं, उकळत्या पाण्यात ५६ ग्रॅम. ब्रिटिश अमदानीतले सैनिक गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत, ते याचसाठी. तापलेली नळी आपसूक सुकते. त्यानंतर पुलथ्रूने, म्हणजे नळीतून आरपार ओढायच्या दोरीने, चिंदी ओढायची आणि मग तेल.

उकळत्या पाण्याची दुसरी करामत मला याहून आवडते. जुन्या नळीवरचा निळसर काळा थर हा रंग नव्हे, गंजच आहे, फक्त वेगळ्या जातीचा. कारागीर स्वच्छ, तेलविरहित नळीवर सौम्य द्रावण लावून दमट पेटीत मुद्दाम बारीक तांबडा गंज चढवतात, मग ती शुद्ध पाण्यात उकळतात. तांबड्या गंजातल्या लोखंडाच्या प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. उकळत्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळपास उरत नाही. तेव्हा खालचं लोखंड दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं आणि गंजाशी जोडलं जातं. तयार होतं मॅग्नेटाइट: तीन लोखंड, चार ऑक्सिजन, त्यात दोन लोखंड तीन-तीन इलेक्ट्रॉन गमावलेले आणि एक दोनच. या दोन प्रकारांमध्ये इलेक्ट्रॉन सतत उड्या मारत असतात, म्हणून जवळपास सगळा प्रकाश शोषला जातो आणि थर काळा दिसतो. सुटी काजळी बारीक तारेच्या ब्रशने झाडून हेच अनेकदा करायचं. थर घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. एकटा तो गंज अडवत नाही, तेल लागतंच.

यामुळेच लिंबू-चिंचेची मला भीती वाटते. तांबडा आणि काळा, दोन्ही लोखंडाचेच ऑक्साइड आहेत, आणि आम्लाला त्यांच्यातला फरक कळत नाही. 'एका थेंबात गंज कायमचा गायब' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांतही बहुधा कुठलंतरी आम्लच असतं. गंजासोबत मूळ काळा थरही जातो, आणि उघडं पोलाद पुढच्या पावसात दुप्पट जोमाने गंजतं.

आता कायद्याचं. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना रायफल घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि .३०३ तर प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या आतल्या मापात) मोडते. आजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं तर घासत बसू नका, पोलीस ठाण्यात कळवा. परवान्याच्या बंदुकीतही बोल्ट, चाप आणि खड्डे पडलेली नळी हे परवानाधारक कारागिराचं काम. झिजलेल्या नळीतून 'एकदा उडवून बघू' हा विचारसुद्धा नको.

घरी करण्यासारखं उरतं ते लाकूड. जुन्या दस्त्याला पॉलिश पेपर लावला की कारखान्याचे ठसे पुसले जातात, म्हणून मऊ फडक्याने उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. हे तेल वाळतं म्हणजे ऑक्सिजन घेऊन त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि त्यात उष्णता सुटते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत.