सूर्य मागे, फ्लॅश बाजूला

कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो. म्हणजे गुहागर असो की अलिबाग, मावळतीसकट कुणाचा फोटो काढायचा तर त्या माणसाची पाठ सूर्याकडे आणि चेहरा सावलीत, हे ठरलेलंच. आकाश सांभाळलं की चेहरा काळवंडतो, चेहरा सांभाळला की आकाश पांढरं फटक पडतं. कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश मारला तर चेहरा उजळतो खरा, पण नाकाची आणि गालांची सावली त्यांच्या मागेच लपते आणि चेहरा सपाट दिसतो. उठाव सावलीमुळे येतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावायचा, माणसाच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर. कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर बसतो आणि तो फ्लॅशला इशारा देतो.

आता मुख्य मुद्दा. हा फोटो एक दिसला तरी त्यात दोन एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात पोचणाऱ्या उजेडाची दोन मापं, असतात, एक आकाशाचं आणि एक चेहऱ्याचं. साध्या हातातल्या फ्लॅशची लकाकी पूर्ण ताकदीवर सुमारे १/९०० सेकंद टिकते, १/१६ ताकदीवर तर १/१०,००० सेकंदाच्या आसपास. शटर १/२०० सेकंद उघडं राहो की १/२० सेकंद, लकाकी त्यात पुरती मावते. त्यामुळे शटर स्पीड बदलला की फक्त आकाश उजळ किंवा गडद होतं, फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) दोन्हींवर परिणाम करतात. फ्लॅशची ताकद आणि त्याचं अंतर फक्त चेहऱ्यावर. एवढं एकदा हाताला बसलं की पुढचं निम्मं शिक्षण झालं.

सुरुवात फ्लॅश बंद ठेवून करा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/२००. ॲपर्चर फिरवत आकाशाचे रंग हवे तसे येईपर्यंत नुसते आकाशाचेच फोटो घ्या. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, ठेवलं तर ढगांचा रंग भरून येतो. माणूस या वेळी काळी आकृती दिसेल, दिसू द्या. मग फ्लॅश १/८ ताकदीवर चालू करून एक फोटो. चेहरा गडद असेल तर १/४, उजळ असेल तर १/१६. आकाशाला आता हात लावायचा नाही. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवण्याची सोय, शिकताना बंदच ठेवावी असं आमचं स्पष्ट मत आहे. चौकटीत सूर्य किंवा पांढरा शर्ट थोडा सरकला तरी तिचा अंदाज बदलतो आणि चूक आपली की यंत्राची हे कळत नाही.

शटर १/२०० च का? बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीसमोर, दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा मागून येऊन तो झाकतो. एका पडद्याला २४ मिलिमीटर उंचीची चौकट ओलांडायला सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शटर १/२००० वर ठेवलं तर पहिला पडदा पलीकडे पोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो, आणि उघडी असते ती फक्त ३ मिलिमीटरची सरकती फट. त्या क्षणी फ्लॅश उडाला तर उजेड त्या फटीपुरताच पडतो. संपूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा असण्याचा सर्वांत जास्त वेग म्हणजे सिंक स्पीड, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०. खोलीत ही चूक ठळक काळ्या पट्ट्यासारखी दिसते, पण बाहेर तिथे दिवसाचा उजेड असतो, त्यामुळे पट्टा काळा नसतो, नुसता फ्लॅशविना राहतो. साडीच्या काठाजवळ अंधारलेला तो भाग मागच्या छोट्या स्क्रीनवर सहज नजरेतून सुटतो. फोटो मोठा करून कडा तपासा.

भर दुपारी गणित अवघड होतं. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ला ॲपर्चर साधारण एफ/११ येतं. आकाश एक स्टॉप गडद हवं तर एफ/१६. फ्लॅशचा गाइड नंबर (त्याच्या ताकदीचा, माहितीपत्रकात दिलेला आकडा) भागिले मीटरमधलं अंतर केलं की पूर्ण ताकदीला मिळणारं ॲपर्चर निघतं. गाइड नंबर ३६ आणि अंतर १.२ मीटर असेल तर उत्तर ३०. सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारी फ्लॅशवरची कापडी पेटी, सुमारे दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे हाती राहतं एफ/१५. जेमतेम भागलं. तोच स्टँड २.४ मीटरवर नेला की उरतं फक्त एफ/७.५ आणि उन्हापुढे फ्लॅश हरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून दुपारी स्टँड इतका जवळ हवा की सॉफ्टबॉक्सची कड चौकटीच्या जेमतेम बाहेर राहील.

आणि एफ/२.८ ची धूसर पार्श्वभूमी हवी असेल तर? एफ/११ वरून चार स्टॉप उघडायचं, तर शटर १/३२०० ला न्यावं लागतं. तिथे हाय स्पीड सिंक लागतं. त्यात फ्लॅश एकदाच न उडता फट सरकेपर्यंत अतिवेगाने लुकलुकत राहतो. पण १/३२०० ला सेन्सरच्या प्रत्येक ठिकाणी त्या लुकलुकीचा छोटासा अंशच पोचतो, शिवाय अशा लुकलुकीत ताकदही वाया जाते. ‘हाय स्पीड सिंकने सूर्यावर मात होते’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ॲपर्चर उघडायची मुभा मिळते, जादा उजेड मिळत नाही. लहान फ्लॅश असेल तर लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारी काळसर काच, लावणं परवडतं. एनडी १६ फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही चार स्टॉपने सारखेच कमी करतो, शटर १/२०० वरच राहतं. फिल्टरमधून ऑटोफोकस अडखळला तर आधी फोकस करून घ्या.

स्टँड जवळ ठेवण्याचा दुसरा फायदा सावलीत दिसतो. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून उन्हातली सावली कापल्यासारखी धारदार. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स १ मीटरवरून चेहऱ्याला सुमारे ३३ अंश मोठा दिसतो आणि नाकाची सावली गालावर हळूच विरते. ३ मीटरवर तो ११ अंशांचा उरतो.

जोडप्याचा फोटो असेल तर मात्र जवळीक नडते. नवरी फ्लॅशपासून १ मीटरवर आणि नवरा १.५ मीटरवर असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर निम्म्याहून कमी उजेड पडतो. सॉफ्टबॉक्सचा रोख दूरच्या माणसाकडे वळवा, जवळच्याला नुसती कड लागू द्या. फरक बराच मिटतो.

मावळतीला रंगाचाही प्रश्न येतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो केशरी. फ्लॅशचा उजेड सुमारे ५५०० केल्विनचा, दुपारच्या उन्हासारखा पांढरा. मागे सगळं केशरी आणि चेहरा तेवढा निळसर, असं दिसलं की चित्र चिकटवल्यासारखं वाटतं. फ्लॅशच्या तोंडावर ‘हाफ सीटीओ’ नावाची नारिंगी जेल लावली की उजेड ३८०० केल्विनच्या आसपास उतरतो. सुमारे अर्धा स्टॉप जातो, तो ताकद वाढवून भरून काढायचा.

फ्लॅश उडतच नसेल तर आधी सायलेंट शटर बंद आहे का बघा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून बहुतेक कॅमेरे त्यात फ्लॅशला इशाराच देत नाहीत. मग ट्रिगरचा चॅनल तपासा. फ्लॅशची नुसती ‘ऑप्टिकल स्लेव्ह’ सोय, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची लकाकी पाहून उडणं, उन्हात भरवशाची नाही, रेडिओ ट्रिगरच हवा. एक फोटो उजळ आणि पुढचा गडद आला तर फ्लॅश भरायच्या आत बटण दाबलं गेलंय. साध्या अल्कलाइन सेलऐवजी निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घातले की फ्लॅश लवकर भरतो. बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका, आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो टिकतो. सॉफ्टबॉक्सऐवजी उजेड पसरवायला छत्री लावली असेल तर किनाऱ्यावर ती शिडासारखी वारा धरते. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधा, त्याहून बरं म्हणजे स्टँड धरायला माणूस ठेवा.

सूर्य बुडाल्यावर घरी निघू नका. कोकणाच्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली भराभर उतरतो, नागरी संधिप्रकाश, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा उजेड, सुमारे २२ मिनिटंच मिळतो. या वेळात फ्लॅश आणि ॲपर्चर जिथे आहे तिथेच ठेवा, फक्त शटर उतरवत जा, १/२००, १/१००, १/५०, १/२५. आकाश विझत जातं तसं शटर त्याला धरून ठेवतं आणि चेहऱ्यावरचा उजेड तसूभर बदलत नाही. १/२५ च्या खाली कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि समोरच्याला स्तब्ध उभं राहायला सांगा. चेहरा फ्लॅशने गोठतो, पण मागच्या उजळ आकाशावर केसांची आणि खांद्यांची कड हलली की तिथे दुहेरी रेघ उमटते.