कमी बजेटचे ब्रिटिश गँगस्टर सिनेमे: दरोडा संपला की बदलाच का सुरू होतो

ओटीटीवर रात्री काहीतरी शोधत बसलो की असला एखादा ब्रिटिश सिनेमा समोर येतोच, पोस्टरवर चार दांडगे टकले, हातात आखूड नळीची बंदूक, मागे ढगाळ लंडन, नटांची नावं फारशी ऐकलेली नसतात आणि गोष्ट साधारण तीच, पाचसहा जण मिळून दरोडा घालतात, अर्ध्या तासात पैसा हाती येतो, मग कोणीतरी दगा देतो आणि उरलेला सगळा सिनेमा त्या दग्याचा हिशोब चुकता करण्यात जातो. मला हे सिनेमे मनापासून आवडतात. आणि जेवढं वाचत गेलो तेवढं वाटायला लागलं की हा साचा कोणी घरी बसून रचलेला नाही, तो तिथल्या खऱ्या दरोड्यांतूनच आलाय.

आधी स्वस्तपणाचं बघू. १९२७ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की डिस्ट्रिब्युटर आणि थिएटरवाल्यांनी ठरावीक टक्के सिनेमे ब्रिटिशच घ्यायचे, कारण तेव्हा पडद्यावर सगळीकडे हॉलिवूडच होतं. मग अमेरिकन कंपन्यांनी कोटा भरायचा म्हणून तिथल्या तिथे स्वस्तातले सिनेमे पटापट काढून घेतले, त्यांना नावच पडलं 'कोटा क्विकी'. गुन्ह्याची गोष्ट याला एकदम सोयीची, दोन खोल्या, एक गल्ली, एक गाडी एवढ्यात भागतं. पुढे मेन पिक्चरच्या जोडीला तासाभराचा छोटा सिनेमा दाखवायची पद्धत होती, त्यातही गुन्हेकथाच जास्त, लंडनच्या मर्टन पार्क स्टुडिओने साठीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत नुसत्या एडगर वॉलेस या रहस्यकथा लेखकाच्या नावावर चाळीसच्या वर असे सिनेमे काढले. या सगळ्यात चाळीसच्या दशकाच्या शेवटी आलेला 'ब्रायटन रॉक' वेगळा उठून दिसतो, त्यातला रेसकोर्सवरच्या टोळीचा कोवळा आणि निर्दय म्होरक्या म्हणजे रिचर्ड ॲटनबरो, होय तेच, ज्यांनी पुढे 'गांधी' केला आणि आपल्या रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबा केलं.

आता दरोडे. ८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे ग्लासगोहून लंडनला येणारी टपालगाडी बकिंगहॅमशरमध्ये अडवली, सिग्नलच्या हिरव्या दिव्यावर हातमोजा चढवला आणि लाल दिवा बॅटरीवर पेटवला, बस, गाडी थांबली. लूट २६ लाख पौंड. पेपरवाल्यांनी दरोडेखोरांना हिरो केलं पण गाडीचा ड्रायव्हर जॅक मिल्स, ज्याच्या डोक्यात वार केला होता, तो त्यातून कधी धड सावरला नाही आणि १९७० मध्ये गेला, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला ते कायम टोचतं. मुख्य लोकांना ३०-३० वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि बराचसा पैसा परत मिळालाच नाही. पैसा गायब आणि माणसं आत म्हटल्यावर बाहेर संशय वाढणारच ना.

पण बदल्याच्या गोष्टीचं खरं मूळ माझ्या मते १९७३ मध्ये आहे. बर्टी स्मॉल्स नावाचा बँका लुटणारा पकडला गेला आणि त्याने सरकारशी करार केला की मी सगळ्यांची नावं सांगतो, मला पूर्ण माफी द्या. आपल्याकडे माफीचा साक्षीदार म्हणतात तेच, तिकडे असल्या बड्या खबऱ्याला 'सुपरग्रास' म्हणायला लागले. त्याच्या साक्षीने टोळीतले कितीतरी जण वर्षानुवर्षं आत गेले, आणि कोर्टात तो साक्ष देत असताना पिंजऱ्यातल्या त्याच्याच जुन्या साथीदारांनी 'पुन्हा भेटू' अशा अर्थाचं युद्धकाळातलं गाणं त्याच्याकडे बघत म्हटलं. हा प्रसंग वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. १९८४ च्या 'द हिट'मध्ये हे गाणं जसंच्या तसं येतं, खबऱ्या स्पेनमध्ये लपलेला असतो आणि दहा वर्षांनी त्याला न्यायला माणसं येतात. स्पेनच का, तर १९७८ मध्ये ब्रिटन आणि स्पेनमधला गुन्हेगार परत पाठवायचा करार संपला होता आणि १९८५ पर्यंत नवीन झाला नाही, त्यामुळे तिथला समुद्रकिनारा लंडनच्या फरारी मंडळींनी भरून गेला.

त्याआधी १९७१ मध्ये 'गेट कार्टर' येऊन गेला होता. भावाच्या मरणाचा छडा लावायला लंडनचा गुंड न्यूकॅसलला जातो एवढीच गोष्ट, पण १९६७ मध्ये त्या भागात जुगाराच्या मशिनच्या धंद्यातून खरा खून झाला होता आणि त्या प्रकरणात ज्याचं नाव घेतलं जायचं त्याच्याच बंगल्यात या सिनेमाचं शूटिंग केलं.

मग २६ नोव्हेंबर १९८३, हीथ्रो विमानतळाजवळचं, मौल्यवान माल सांभाळणाऱ्या ब्रिंक्स-मॅट कंपनीचं गोदाम. आत गेले रोख रकमेसाठी आणि सापडलं तीन टन सोनं, सुमारे २ कोटी ६० लाख पौंडांचं, गार्डांवर पेट्रोल ओतून काडी दाखवली म्हणून कुलपं उघडली. टीप देणारा आतलाच गार्ड, त्याची बहीण टोळीतल्या एकाबरोबर राहायची, पोलिसांनी धरल्यावर त्यानेच सगळं सांगितलं. सोनं वितळवणाऱ्यांकडे गेलं, हात बदलत गेलं आणि त्या पैशापायी पुढे खूनही पडले.

१९९८ मध्ये 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' दहा लाख पौंडांच्या आत झाला आणि तुफान चालला, आपल्याला ती गोष्ट 'फिर हेराफेरी'मुळे माहीतच आहे, बाबूराव आपटेंसकट. त्यानंतर तिथे ज्याच्याकडे थोडा पैसा आणि एक कॅमेरा तो हेच करायला लागला. दुसरा खजिना म्हणजे ६ डिसेंबर १९९५ ला एसेक्समधल्या रेटेंडनच्या शेतरस्त्यावर रेंज रोव्हरमध्ये गोळ्या घातलेले तीन ड्रगवाले, त्या एका घटनेवर 'एसेक्स बॉइज', 'राइज ऑफ द फुटसोल्जर' आणि मग त्याचे भागच्या भाग निघाले, सुपरमार्केटात किराण्याच्या शेजारी डीव्हीडी विकल्या जायच्या.

आणि २०१५ च्या ईस्टरला हॅटन गार्डन, लंडनमधली हिरे-दागिन्यांच्या व्यापाऱ्यांची पेठ, तिथल्या लॉकरच्या तळघरातली चोरी. म्हातारे चोर, त्यातला ७६ वर्षांचा ब्रायन रीडर ब्रिंक्स-मॅटच्या सोन्यातही अडकलेला, आणि कामाला आला तो बसने, फुकट प्रवासाच्या कार्डावर. भिंतीला ड्रिलने भोकं पाडून तिजोऱ्या फोडल्या. २०१६ ते २०१८ मध्ये यावर तीन सिनेमे आले. मला त्यातली एकच गोष्ट पुन्हापुन्हा आठवते, पकडल्यावर एकाने पोलिसांना कबरस्तानात नेऊन पुरलेला माल दाखवला आणि एवढाच आहे म्हणाला, पण त्याच कबरस्तानातला त्याहून मोठा साठा पोलिसांनी काही दिवस आधीच शोधून काढला होता.